चार शिंगं आणि दोन काटे

"फरक स्पष्ट करा" हा प्रश्न मुलांना आवडतो. मधोमध उभी रेघ मारायची, दोन रकाने करायचे आणि एकीकडे "आहे", दुसरीकडे "नाही" लिहीत सुटायचं. दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी हा खेळ उलटा केला. म्हटलं, ज्यांच्यात काहीच सारखं नाही अशी एक जोडी तुम्हीच शोधून आणा. साखर-मीठ, उंट-मुंगी, रेल्वे-पतंग अशा जोड्या आल्या. मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, चौशिंगा आणि खोल समुद्रातला शार्क." वर्ग हसला. मीही हसलो आणि त्याला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

घरी आल्यावर मात्र ती जोडी डोक्यातून जाईना. एक पानगळीच्या जंगलातला छोटासा कुरंग, दुसरा जिथे सूर्यप्रकाश जवळजवळ पोहोचत नाही तिथला मासा. मी भाषेचा शिक्षक, प्राणिशास्त्राचा नाही. सवयीने मी दोघांना आधी भाषेत आणि मग इतिहासात शोधू लागलो, आणि शोधता शोधता मुलाला दिलेले गुण चुकीचे होते असं वाटायला लागलं.

सुरुवात उर्दूपासून करू. हरणासाठी उर्दूत शब्दांची रेलचेल आहे. फारसीतून आलेला आहू, अरबीतून आलेला ग़ज़ाल, आपला देशी हिरन. सुंदर डोळ्यांना हरणाच्या डोळ्यांची उपमा देऊन शायरांची कित्येक शतकं गेली. गझल हा शब्दच मुळी जखमी हरणाच्या किंकाळीवरून आला, असं अनेकजण हौसेने सांगतात. मूळ अक्षरं तीच असली तरी काव्यप्रकाराचं नाव प्रेमालापाच्या अर्थावरून आलं, हे वर्गात मला दर वर्षी सांगावं लागतं. समुद्राच्या वाट्याला मात्र एक "नहंग" आला. फारसीत त्याचा अर्थ मगर, पुढे देवमासा, आणि शायरीत पाण्यातलं कोणतंही अक्राळविक्राळ जनावर. खोल पाण्यातल्या शार्कसाठी वेगळा शब्द उर्दूत नाही, कारण तो कुणी पाहिलाच नव्हता.

अरबीत शार्कला "किर्श" म्हणतात. चौदाव्या शतकात इजिप्तमध्ये कमालुद्दीन दमीरी नावाचे शाफई फकीह होऊन गेले. त्यांचा 'हयातुल हयवान' हा ग्रंथ म्हणजे प्राण्यांचा कोशच आहे, अक्षरानुक्रमे लावलेला. प्रत्येक नोंदीत नावाची व्युत्पत्ती, स्वभाव, म्हणी, तो प्राणी हलाल की हराम, औषधी उपयोग, आणि तो स्वप्नात दिसला तर अर्थ काय, असं सगळं येतं. किर्शच्या नोंदीत कुरैश कबिल्याच्या नावाची चर्चा आहे. समुद्रातल्या सगळ्या प्राण्यांना भारी पडणाऱ्या या माशावरून ते नाव पडलं, अशी एक जुनी व्युत्पत्ती सांगितली जाते. म्हणजे हरणाला सौंदर्य मिळालं आणि शार्कला ताकद. दोघांचं नाव झालं, पण कुठल्या हरणाचं आणि कुठल्या शार्कचं? मोकळ्या मैदानात चरणाऱ्या हरणाचं, आणि पाण्यावर पंख दाखवणाऱ्या शार्कचं.

हिंदुस्थानातही तेच घडलं. बाबरने आत्मचरित्रात गेंडा, नीलगाय, काळवीट यांची वर्णनं केली. अकबराच्या दरबारी चित्ते पाळले जात आणि त्यांना काळविटांवर सोडलं जाई. जहांगीरने तर लाहोरजवळ शेखूपुऱ्याला आपल्या एका लाडक्या हरणाच्या आठवणीत मिनार उभारला, १६०६-०७ च्या सुमारास. हिरन मिनार आजही उभा आहे. चौशिंग्याच्या वाट्याला असं काही आलं नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. तो कळपाने राहत नाही, मैदानात येत नाही, चित्त्यासमोर लांब पळत नाही. धोका दिसला की उंच गवतात गोठल्यासारखा उभा राहतो आणि फारच जवळ आलात तर एका झेपेत दिसेनासा होतो. दरबारी शिकारीत अशा जनावराला जागा नव्हती, त्यामुळे दरबारी चित्रात आणि शायरीतही नव्हती.

जंगलातल्या माणसांना तो अर्थातच ठाऊक होता. पण नावांचा घोळ होता. आपल्याकडे बऱ्याच भागांत त्यालाही भेकर म्हणत आणि भुंकणाऱ्या भेकरालाही भेकरच. वास्तविक दोघांची कुळं वेगळी. भेकर हे सारंग, म्हणजे त्याची शिंगं गळतात आणि पुन्हा उगवतात. चौशिंगा हा कुरंग, त्याची शिंगं जन्मभर राहतात. नराच्या डोक्यावर मागे दोन, बोटभर किंवा थोडी जास्त लांबीची, आणि कपाळावर पुढे दोन, अगदी खुंटासारखी. मादीला शिंगं नसतात. उंची खांद्याजवळ जेमतेम दोन फूट, वजन वीस किलोच्या आसपास. चार शिंगं कायमची बाळगणारा जंगली प्राणी जगात हा एकच आहे, आणि तो फक्त भारतात आणि नेपाळमध्ये सापडतो.

युरोपीय विज्ञानात त्याला १८१६ मध्ये फ्रेंच अभ्यासक ब्लाँव्हील याने नाव दिलं. पण मला जास्त रस वाटला तो १८३९ च्या एका यादीत. त्या वर्षी मद्रासच्या एका नियतकालिकात "दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी" छापून आली. दक्षिण मराठा मुलूख म्हणजे धारवाड-बेळगावकडचा प्रदेश. लेखक होता वॉल्टर एलियट, कंपनी सरकारचा मुलकी अधिकारी. हाच एलियट १८२४ मध्ये कित्तूरच्या राणी चेन्नम्माच्या उठावात ओलीस म्हणून पकडला गेला होता आणि पुढे सुटला. सुटल्यावर तो त्याच मुलखात वर्षानुवर्षं राहिला, तिथल्या भाषा शिकला, आणि जंगलातली जनावरं, त्यांची स्थानिक नावं, शिलालेख, नाणी असं दिसेल ते टिपत गेला. त्याच्या लक्षात आलं की इकडच्या चौशिंग्यांची पुढची शिंगं फारच लहान असतात, कधी कधी नसतातच. म्हणून त्याने इथल्या प्राण्याला जे लॅटिन नाव दिलं त्याचा अर्थ साधारण "पुरता चार शिंगांचा नसलेला" असा होतो. दक्षिणेकडच्या चौशिंग्याच्या शास्त्रीय नावात तो शब्द आजही आहे.

याच एलियटची पुढे विशाखापट्टणमला बदली झाली. तिथे १८५३ मध्ये किनाऱ्यावर एक विचित्र, चपट्या नाकाचा लहान देवमासा सापडला. एलियटने त्याची चित्रं करवून घेतली, आणि त्यांवरून लंडनच्या रिचर्ड ओवेनने १८६६ मध्ये एक नवी जात जाहीर केली. खोल पाण्यात बुडी मारून शिकार करणारा हा देवमासा. तो काही शार्क नव्हे, पण मला या माणसाची गंमत वाटते. जंगलातला लपणारा आणि समुद्रातला लपणारा, दोघांनाही त्याने जवळच्या माणसांना विचारून, नीट बघून कागदावर आणलं. आपल्या मागच्या बाकावरच्या मुलाची जोडी दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाच्या टेबलावर जवळजवळ जमून आली होती.

आता समुद्राकडे. १८४३ मध्ये एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गवैज्ञानिकाने मत मांडलं की साधारण साडेपाचशे मीटरखाली सजीव असूच शकत नाहीत. अंधार, थंडी आणि वर पाण्याचा प्रचंड दाब, तिथे काय जगणार? बरीच वर्षं हे मत मानलं गेलं. ते पुरतं मोडलं ते 'चॅलेंजर' जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या जगप्रवासात. पण चॅलेंजर अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात आलंच नाही. आपल्या समुद्राचा तळ चाचपण्याचं काम 'इन्व्हेस्टिगेटर' नावाच्या लाकडी आगबोटीने केलं. ती मुंबईच्याच गोदीत बांधलेली, १८८१ सालची. १८८८ पासून चार वर्षं तिच्यावर आल्फ्रेड अल्कॉक हा डॉक्टर निसर्ग-अभ्यासक म्हणून होता. जाळं खाली सोडायचं, तासन्‌तास ओढायचं, वर आलेल्या चिखलातून जनावरं निवडायची. अंदमानच्या समुद्रातून आलेल्या एका लहानशा खोल पाण्यातल्या शार्कचं वर्णन त्याने १८९१ मध्ये केलं. ज्या पाण्याच्या पृष्ठभागावरून अरब, गुजराती, कोकणी, मलबारी खलाशी हजार वर्षं ये-जा करत होते, त्या पाण्याखाली काय आहे हे तेव्हा पहिल्यांदा कागदावर येत होतं.

त्या ये-जा करणाऱ्यांत इब्न बतूताही होता. दिल्लीहून निघून दौलताबाद, कालिकत करत तो १३४३ मध्ये मालदीवला पोहोचला आणि तिथे काझी झाला. त्याने तिथल्या कवड्यांबद्दल, काथ्याबद्दल, आणि वाळवून हिंदुस्थान, चीन, यमनपर्यंत जाणाऱ्या माशांबद्दल लिहिलं आहे. त्याच्या होडीखाली हजारेक मीटर खोल पाण्यात जो प्राणी फिरत होता, त्याच्याशी आपल्याला काम आहे. त्याचं इंग्रजी नाव गल्पर शार्क. मालदीवच्या दिवेही भाषेत मियरु म्हणजे शार्क, आणि या जातीला ते काशी मियरु म्हणतात, म्हणजे काट्याचा शार्क. दिवेही ही आपल्या मराठीसारखीच आर्यकुळातली भाषा आणि तिची लिपी उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे. त्यांचा "काशी" आणि आपला "काटा" एकाच घरचे.

हे काटे खरे असतात. पाठीवरच्या दोन्ही पंखांपुढे एकेक धारदार काटा. लांबी माणसाएवढी किंवा कमी, डोळे मोठे आणि हिरवट चमकणारे, उरल्यासुरल्या उजेडाचा कण न कण टिपणारे. आणि पोटात भलंमोठं यकृत, शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या घरात. हाडांच्या माशांना तरंगण्यासाठी पोटात हवेची पिशवी असते, शार्कला ती नसते. त्याची जागा यकृतातलं हलकं तेल घेतं. पाण्यापेक्षा हलकं असल्याने ते त्या माशाला न बुडता, फार श्रम न करता अंधारात तरंगत ठेवतं. ज्या तेलामुळे तो जगतो, त्याच तेलासाठी तो मारला गेला.

शार्कच्या तेलाचा व्यवहार जुना आहे. मालदीवमध्ये आणि आपल्या किनाऱ्यावरही लाकडी होड्या टिकाव्यात म्हणून त्यांना माशाचं तेल चोपडत. कोकणी मुसलमानांच्या घरांत मोरीचं कालवण नवं नाही, बाळंतिणीला तर ते मुद्दाम देतात. पण हे सगळं किनाऱ्याजवळच्या शार्कवर चालायचं, गरजेपुरतं. १९०६ मध्ये मित्सुमारू त्सुजिमोतो या जपानी रसायनशास्त्रज्ञाने शार्कच्या यकृततेलात एक नवा पदार्थ शोधला, पुढे त्याचं नाव पडलं स्क्वालीन. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेहून येणारं कॉड माशाचं तेल बंद झालं, तेव्हा 'अ' जीवनसत्त्वासाठी मुंबई आणि मद्रास प्रांतांत शार्कच्या यकृताचं तेल काढण्याचे कारखाने चालू झाले. युद्धानंतर कारखान्यात बनवलेलं 'अ' जीवनसत्त्व स्वस्त झालं आणि तो धंदा बसला. स्क्वालीनची मागणी मात्र वाढत गेली. त्यापासून केलेलं स्क्वालेन चेहऱ्याच्या मलमांत उत्तम बसतं, कातडीला चिकट लागत नाही. काही लसींमध्येही स्क्वालीन वापरतात. आणि सगळ्यात जास्त स्क्वालीन असतं खोल पाण्यातल्या शार्कमध्ये, विशेषतः या काशी मियरुमध्ये.

१९८० मध्ये मालदीवला त्याची खास मासेमारी सुरू झाली. लांबच लांब दोर, त्याला अनेक गळ. सुरुवातीच्या तीन-चार वर्षांतच तेलाची निर्यात कळसाला पोहोचली आणि तिथून घसरत गेली. एका बेटाजवळचे शार्क संपले की होड्या पुढच्या बेटाकडे. विसेक वर्षांत धंदा जवळजवळ शून्यावर आला. कारण तळाशी जायला हवं. काशी मियरुच्या मादीला पिल्लं होण्याचं वय गाठायलाच दशकभराहून जास्त काळ लागतो. पिल्लू पोटात सुमारे दोन वर्षं वाढतं. आणि एका खेपेला बहुधा एक, फार तर दोन. बोंबील किंवा तारली हजारोंनी अंडी घालतात, त्यांच्याच हिशेबाने या प्राण्याला मोजलं गेलं. ज्या मच्छिमारांनी तो पकडला ते काही राक्षस नव्हते. त्यांना भाव चांगला मिळत होता आणि खाली किती उरलेत हे सांगणारा कुणी नव्हता. २०१० मध्ये मालदीवने आपल्या समुद्रात शार्क मारण्यावर पूर्ण बंदी घातली. ती येईपर्यंत काशी मियरुचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

चौशिंग्याचा हिशेब याहून फार वेगळा नाही. मादी आठेक महिने पोटात वाढवते आणि एक किंवा दोन पाडसं देते. इंग्रज शिकाऱ्यांना त्याच्या मांसात फारसा रस नव्हता. त्यांना हवी होती चार शिंगांची कवटी, दिवाणखान्यातल्या भिंतीवर टांगायला. जी शिंगं त्याची ओळख, त्यांच्यासाठीच गोळी. स्वातंत्र्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि चौशिंग्याला पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. आज आपल्याकडे मेळघाट, ताडोबा, नागझिऱ्याच्या जंगलात तो टिकून आहे. पण त्याला रोज पाणी लागतं, लपायला गवत लागतं, आणि जंगलाचे तुकडे होताना आधी याच दोन गोष्टी जातात. गावातली मोकाट कुत्री त्याच्यामागे लागतात ते वेगळंच.

शार्कच्या बाबतीत आपल्या सरकारने २००१ च्या जुलैमध्ये एक मोठं पाऊल उचललं. सगळेच शार्क आणि पाकट एका झटक्यात पहिल्या अनुसूचीत टाकले. किनाऱ्यावर आरडाओरडा झाला, आणि तो खोटा नव्हता, हजारो घरांची चूल त्यावर होती. त्याच डिसेंबरात यादी कमी करून मोजक्या जातींवर आणली गेली. त्या मोजक्या जातींत खोल पाण्यातला काटेरी शार्क नव्हता. त्याच सुमारास केरळ आणि तमिळनाडूच्या होड्या त्याच्या तेलासाठी खोल समुद्रात जाऊ लागल्या होत्या. मच्छिमाराची रोजी आणि माशाची पिढी, दोन्ही एकाच पारड्यात तोलता येत नाहीत हे मला समजतं. पण निदान मोजदाद तरी व्हायला हवी होती. ज्याची गणतीच नाही त्याच्या बाजूने बोलणार कोण?

दिलासा देणारी एक गोष्ट याच शोधात सापडली. स्क्वालीन ऑलिव्हच्या तेलात असतं, आपल्या उपासाच्या राजगिऱ्यात असतं, आणि आता उसाच्या साखरेपासूनही ते बनवता येतं. ज्या राज्यात उसाचा प्रश्न दर हंगामात रस्त्यावर येतो, तिथल्या माणसाला ही बातमी सांगायला मला आवडलं. मलमाच्या डबीवर स्क्वालेन लिहिलेलं असेल तर ते झाडाचं की माशाचं, एवढं विचारणं ग्राहकाच्या हातात आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर मी तो कागद पुन्हा काढला. फरकाचा रकाना सोपा होता. एक गवत-पानं खातो, दुसरा मासे. एकाला केस, दुसऱ्याला खरखरीत कातडी. एक रोज पाणवठ्यावर येतो, दुसऱ्याला पाण्याबाहेर काही ठाऊक नाही. सारखेपणाचा रकाना भरताना जास्त वेळ लागला. दोघेही मंद उजेडातले. दोघेही लपून जगणारे. दोघांच्या अंगावर हत्यारं, पण दोघांचा स्वभाव टाळण्याचा. दोघांना पिल्लं मोजकी आणि उशिरा. दोघेही जवळच्या माणसांना ठाऊक होते पण पुस्तकात उशिरा आले, आणि पुस्तकात आले तेव्हा बाजारातही आले.

शेवटच्या ओळीपाशी मी थोडा अडकलो, आणि त्याचं कारण प्राण्यांपेक्षा माझ्या वर्गात होतं. माझे विद्यार्थी घरी दखनी किंवा कोकणी बोलतात, शाळेत उर्दू आणि मराठी लिहितात. बाहेर गेले की त्यांना हमखास ऐकावं लागतं, "अरे, तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण मुसलमान म्हटल्यावर त्याला आठवतो तो दिल्लीचा बादशहा, मिनारवाला. गावातला पिंजारी, बागवान, मुजावर, मोरी सोलणारी कोकणी आजी त्याच्या इतिहासाच्या पुस्तकात नाही. मैदानात दिसणाऱ्या हरणाला मिनार मिळतो, झाडीतलं हरीण "तेही भेकरच" म्हणून सोडून दिलं जातं. म्हणून मला एलियटची यादी महत्त्वाची वाटते. तो राज्यकर्त्यांचा माणूस होता, त्याच्या यादीमागे सत्ता होती, हे खरंच. तरी त्याने थांबून पाहिलं की इथल्या प्राण्याची पुढची शिंगं वेगळी आहेत, आणि तसं लिहून ठेवलं. आपल्या माणसांची अशी यादी आपण नाही केली तर दुसरं कोण करणार, आणि कशासाठी करेल, हा प्रश्न मी वर्गात दर वर्षी विचारतो.

त्या मुलाला मी बोलावलं आणि सांगितलं, तुझे गुण कापावे लागतील, तुझ्या जोडीत बरंच काही सारखं निघालं. त्याने कागद नीट वाचला. मग विचारलं, "सर, मग यांना कुणी शोधलंच नसतं तर बरं झालं असतं ना?" मी म्हटलं, तेल आणि शिंगं बाजाराने शोधलीच असती. पिल्लू दोन वर्षं पोटात असतं हे कुणी शोधलं नसतं, तर बंदी तरी कशाच्या जोरावर मागणार?

तो पटला असं दिसलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने कार्डशीटवर तक्ता करून आणला. डावीकडे चार शिंगं, उजवीकडे दोन काटे, वर मराठीत आणि उर्दूत नावं. उर्दूत शार्कच्या जागी त्याने लिहिलं होतं "काशी मियरु", उजवीकडून डावीकडे, नुक्ते व्यवस्थित. तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावला आहे. गुण कापायचं राहून गेलं.